दूरचित्रवाणी संच : विकास

प्रक्षेपण केंद्राकडून आलेल्या विद्युत् संकेतांचे पुन्हा चित्र व ध्वनी यांत रूपांतर करणाऱ्या साधनास दूरचित्रवाणी संच म्हणतात. मूळ पद्धतीत चित्र आडव्या ओळींत विभागून ओळीमागून ओळ असे पाठविले जाई. या क्रियेस क्रमवीक्षण म्हणतात. संचाच्या पडद्यावर त्याच क्रमाने ओळी उमटत आणि दृष्टिसातत्यामुळे डोळ्यास अखंड चित्र दिसे. त्यासाठी ओळींची संख्या व त्यांचा वेग यांबाबत केंद्र आणि संच यांत काटेकोर मेळ असावा लागे. केंद्राने मानक बदलले की, घरातील सुस्थितीतील संचही निरुपयोगी ठरे. यामुळे संचाच्या इतिहासास दोन बाजू आहेत : चित्र उमटविण्याची साधने कशी बदलली ही एक आणि प्रत्येक बदलाच्या वेळी आधी विकल्या गेलेल्या संचांचे काय झाले ही दुसरी.

यांत्रिक संच : जर्मनीतील पाउल निपको यांनी १८८४ मध्ये सर्पिलाकार मांडलेली छिद्रे असणाऱ्या फिरत्या तबकडीने चित्राचे क्रमवीक्षण करण्याची कल्पना मांडली. तिच्या आधारे जॉन लोगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडन येथे चालत्या चित्रांच्या प्रक्षेपणाचे प्रात्यक्षिक केले. १९३० च्या सुमारास विक्रीस आलेल्या त्यांच्या संचात विद्युत् चलित्राने फिरणारी तबकडी व तिच्यामागे निऑन दिवा असे. चित्र केवळ ३० ओळींचे, लालसर व इतके लहान असे की, ते भिंगातून पाहावे लागे. सप्टेंबर १९३५ मध्ये ३० ओळींचे प्रक्षेपण थांबविण्यात आले आणि हे संच कायमचे मुके झाले. मानक बदलल्यामुळे निकामी ठरलेले हे आरंभीचे संच होत.

ऋण किरण नलिका : जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या ऋण किरण नलिकेत इलेक्ट्रॉनांची शलाका चुंबकीय वा विद्युत् क्षेत्राने वळविता येते. ती अनुस्फुरक लेप दिलेल्या काचेवर आदळली की, तेथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. शलाकेस जडत्व जवळजवळ नसल्याने तबकडीला न पेलणारा वेग तिला सहज साधतो. जपानमधील केंजिरो ताकायानागी यांनी १९२६ मध्ये अशा नलिकेवर एक जपानी अक्षर उमटविले. अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ व व्लाडिमिर झ्वॉरिकिन यांनी पूर्णतः इलेक्ट्रॉनीय पद्धती विकसित केल्या.

बी.बी.सी.ने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली, तेव्हा बेअर्ड यांची २४० ओळींची व मार्कोनी-ई.एम.आय.ची ४०५ ओळींची अशा दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या जात. संचही दोन्ही पद्धतींस जुळतील असे बनविलेले होते. फेब्रुवारी १९३७ मध्ये २४० ओळींची पद्धत सोडून देण्यात आली. त्या काळातील नलिका फार लांब असल्याने काही संचांत ती उभी बसवीत व प्रेक्षक झाकणाच्या आरशात चित्र पाहत. पुढे शलाका अधिक कोनातून वळविणे शक्य झाल्यावर नलिका आखूड होत गेली.

संचाच्या उरलेल्या भागात निर्वात नलिका असत. त्या तापत, वारंवार निकामी होत व पुष्कळ वीज खात. ट्रँझिस्टरामुळे हे दोष दूर झाले. सोनी कंपनीने १९६० मध्ये ८ इंची ट्रँझिस्टर संच बाजारात आणला. नंतर संकलित मंडले आली आणि चित्र दाखविणारी नलिका हीच संचातील शेवटची निर्वात नलिका उरली.

रंगीत चित्र आणि सुसंगती : अमेरिकेत १९५० मध्ये सी.बी.एस.च्या रंगीत पद्धतीस मान्यता मिळाली. तीत रंगीत काचांचे फिरते चक्र वापरीत. तिचे रंग चांगले होते. परंतु लोकांच्या घरी असलेल्या सुमारे १ कोटी कृष्णधवल संचांवर हे कार्यक्रम दिसत नसत. जून १९५१ मध्ये सुरू झालेले तिचे व्यापारी प्रक्षेपण ऑक्टोबरमध्येच थांबले. डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झालेल्या एन.टी.एस.सी. पद्धतीत चित्राच्या तेजस्वितेचा संकेत मूळ रूपात ठेवून रंगाची माहिती त्यात वेगळी मिसळली होती. जुना संच तेजस्वितेचा संकेत घेऊन कृष्णधवल चित्र दाखवी, तर नवा संच दोन्ही वाचून रंगीत चित्र उभे करी. वॉल्टर ब्रूख यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी जर्मनीत विकसित केलेल्या पॅल पद्धतीतही हेच तत्त्व पाळले गेले. ब्रिटनमध्ये १९६४ साली ६२५ ओळींचे प्रक्षेपण सुरू झाले, तरी जुन्या संचांसाठी ४०५ ओळींचे प्रक्षेपण जानेवारी १९८५ पर्यंत चालू ठेवले होते.

भारत : दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक सेवा सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. संच महाग असल्याने सामुदायिक संचांना येथे विशेष महत्त्व आले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग (साइट) करण्यात आला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीचे सु. ३ मी. व्यासाचे आकाशक व परिवर्तक जोडलेले संच बसविले होते. अमेरिकेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह वर्षभरापुरताच मिळाला होता. तो गेल्यावर या संचांचे थेट ग्रहण बंद पडले. काही भागांत १९७७ पासून जमिनीवरील प्रक्षेपक उभारून ही उणीव अंशतः भरून काढण्यात आली. भारताने आरंभापासून ६२५ ओळींचे मानक स्वीकारले होते व १९८२ मध्ये पॅल पद्धतीने रंगीत प्रक्षेपण सुरू केले. त्यामुळे सरकत्या झडपांच्या लाकडी पेटीतील जुने कृष्णधवल संच पुढेही अनेक वर्षे उपयोगी पडले.

सपाट पडदे व अंकीय प्रक्षेपण : नलिकेचा पडदा मोठा केला की, संचाचे वजन व खोली फार वाढे. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात आयनद्रायू (प्लाझ्मा) पडदा आणि १९६८ मध्ये आर.सी.ए. कंपनीने द्रव स्फटिक दर्शक पुढे आणले. मात्र घरगुती मोठे सपाट संच १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागून येणारा प्रकाश ते कमीअधिक प्रमाणात अडवितात. आयनद्रायू संचांचे उत्पादन २०१४ च्या सुमारास जवळजवळ थांबले. कार्बनी द्विप्रस्थांचा (ओलेड) पहिला विक्रीयोग्य संच २००७ मध्ये आला. त्याचा प्रत्येक चित्रबिंदू स्वयंप्रकाशी असतो.

अंकीय संकेत जुन्या संचास वाचता येत नाही, म्हणून सुसंगतीचा प्रश्न पुन्हा उद्भवला. तो संचाबाहेरील परिवर्तक पेटीने सोडविण्यात आला. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे सदृश प्रक्षेपण बंद झाले. तत्पूर्वी अशा पेटीसाठी सरकारने प्रत्येक कुटुंबास ४० डॉलरच्या दोन सवलतचिठ्ठ्या देऊ केल्या होत्या. मुंबईतील केबल ग्राहकांना १ नोव्हेंबर २०१२ पासून अशी पेटी, म्हणजे सेट टॉप बॉक्स, आवश्यक ठरली. तिचा खर्च मुख्यतः ग्राहकांवर पडला. पण तिच्यामुळे जुने नलिकेचे संच आणखी काही काळ टिकले. अखेर टाकून दिलेल्या या संचांच्या काचेत क्ष-किरण अडविण्यासाठी घातलेले शिसे असल्याने त्यांची विल्हेवाट ही स्वतंत्र समस्या झाली.

आजचा संच हा वस्तुतः पडदा जोडलेला संगणक आहे. चित्र शाबूत असताही निर्मात्याने आज्ञावलींची अद्ययावत आवृत्ती देणे थांबविले की, त्याची काही कार्ये बंद पडतात. १९५३ मध्ये जुन्या संचांना सांभाळण्याची जबाबदारी प्रक्षेपणाच्या सार्वजनिक मानकावर टाकण्यात आली होती. आता ती बव्हंशी निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून आहे.