बाल्कन लोकनृत्यांतील प्रदेशभेद

बाल्कन द्वीपकल्पाचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष लढाया, तह आणि सीमारेषा यांवरच खिळून राहतें. परंतु तेथील लोकांच्या पावलांनीं लिहिलेला दुसरा एक इतिहास आहे. तो या सीमांस फारसा जुमानीत नाहीं.

सर्बांचें 'कोलो', बल्गेरियनांचें 'होरो', रुमानियनांची 'होरा' हीं सारीं एकमेकांस धरून कड्यानें वा रांगेनें नाचावयाचीं नृत्यें. सांगाडा एक, पण प्रदेशागणिक चाल निराळी. सोफियाभोवतालच्या शोप प्रदेशांत पावलें बारीक व चपळ, खांदे थरथरणारे. डोब्रुजाच्या सपाट धान्यभूमींत गुडघे वाकलेले, पाऊल जड. रोडोप पर्वतांत सारेंच संथ. डाल्मेशियाच्या अंतर्भागांत तर वाद्यावांचून, केवळ पावलांच्या आघातावर मूक कोलो चालतें. मॅसिडोनियांतील 'लेस्नोतो' नृत्याचे सात मात्रांचे ३-२-२ असे खंड पाहून आमच्या वाचकांस रूपक तालाची आठवण होईल. अशा विषम तालांवर बेला बार्टोक यानें १९३८ सालीं निबंध लिहिला व त्यांस 'बल्गेरियन' ही संज्ञा रूढ केली. तथापि ते शेजारच्या देशांतहि आढळतात. शोप प्रदेशहि आज बल्गेरिया, सर्बिया व उत्तर मॅसिडोनिया यांत विभागलेला आहे.

मग हें नृत्य कोणाचें? दानित्सा व ल्युबित्सा यांकोविच या सर्बियन भगिनींनीं १९३४ ते १९६४ या काळांत आठ खंडांत नृत्यांची पावलांगणिक नोंद केली. इकडे दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी नृत्यमंडळें निघालीं: बेलग्रेडचें 'कोलो' १९४८ त, झाग्रेबचें 'लादो' व स्कोप्येचें 'तानेत्स' १९४९ त, सोफियाचें १९५१ त. कडें हें नाचणाऱ्यांनीं एकमेकांकडे पाहण्यासाठीं असतें. रंगभूमीवर तें प्रेक्षकांकडे उघडावें लागलें. तासन्‌तास चालणारें नृत्य कांहीं मिनिटांत बसविलें गेलें. या मंडळांनीं नृत्यांस जगभर कीर्ति मिळवून दिली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु निरनिराळ्या खोऱ्यांच्या चाली एका कार्यक्रमांत गुंफून त्यांवर राष्ट्राचें नांव घातलें, कीं खोऱ्याचें नांव पुसट होतें.

राष्ट्रांच्या सीमा तहानें बदलतात. पाऊल टाकण्याची रीत आईबापांकडून मुलांकडे जाते. म्हणून आमच्या मतें, नृत्याच्या इतिहासकारानें आधीं गांव विचारावें, राष्ट्र मागाहून.