वकिलाची फी कोणी भरायची?

"सरकारवर केस करायची आणि वर फीसुद्धा सरकारनेच भरायची? हा कुठला न्याय!" नदीच्या याचिकेसाठी वर्गणी मागत फिरत होतो, तेव्हा एका काकांनी मला सुनावलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

तमिळनाडूत पालार नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं शेतात आणि विहिरींत मुरत होतं. सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन कमी-अधिक प्रमाणात नापीक झाली. वेल्लोरच्या नागरिकांचा मंच थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ ऑगस्ट १९९६ ला निकाल लागला. 'प्रदूषण करेल त्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग आहे, असं कोर्टाने ठणकावलं. हे सगळ्यांना आठवतं. त्याच निकालातली एक छोटी गोष्ट मात्र विसरली जाते: वकील एम. सी. मेहता यांची फी आणि पदरचा खर्च म्हणून राज्य सरकारने ५०,००० रुपये द्यावेत, असाही आदेश होता.

सरकारने का? कारण जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून होता. तो राबवणं सरकारचंच काम. ते झालं नाही, म्हणून लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

अमेरिकेतही हा वाद झाला. अलास्काच्या तेलवाहिनीविरुद्ध लढलेल्या संस्थांची अर्धी फी कंपनीने द्यावी, असं खालच्या कोर्टाने म्हटलं होतं. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कायद्यात तरतूद नसेल तर कोर्ट मनाने फी देववू शकत नाही, हे कारण. मग १९८० मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला: सरकार हरलं आणि त्याच्या भूमिकेला पुरेसा आधार नसेल, तर जिंकणाऱ्याची फी सरकारने भरायची.

आपल्याकडे असा हक्क नाही. मिळालं तर न्यायाधीशांच्या मर्जीने. उलट हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात, दावा खोटा किंवा त्रास देण्यासाठी केलेला ठरला, तर अर्जदारावरच खर्च बसवायची सोय आहे. खोट्याला चाप हवाच. पण खऱ्याला हात कोण देणार?

काका, सरकारने फी भरली तरी पैसा आपलाच, हे मान्य. पण नदी सांभाळायला आपण कर आधीच भरलाय. आता तीच नदी वाचवायला वर्गणीही आपणच काढायची?