एका व्हिसावर उभे घर : न्यूझीलंडमध्ये स्थिरावणारे मराठी कुटुंब

न्यूझीलंडमध्ये नोकरी मिळवून येणाऱ्या कुटुंबातील प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र व्हिसा असला, तरी ते सारे व्हिसा बहुधा एकाच नोकरीशी बांधलेले असतात. जोडीदाराला काम करता येईल का, मुलांचे शिक्षण विनाशुल्क होईल का, आजारपणात सरकारी आरोग्यसेवा लागू होईल का, या प्रश्नांची उत्तरे मुख्य अर्जदाराच्या व्हिसाचा प्रकार आणि त्याची मुदत यांवर अवलंबून असतात. त्यामुळे कोणत्या टप्प्यावर कोणता हक्क मिळतो, हे सामान बांधण्याआधीच समजून घेणे हिताचे ठरते.

पार्श्वभूमी

या देशात भारतीयांची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. आरंभीच्या वसाहतकारांत गुजराती व पंजाबी प्रामुख्याने होते. १९२० च्या कायद्याने भारतीयांच्या नव्या आगमनावर कठोर निर्बंध आले. १९८७ च्या इमिग्रेशन कायद्याने विशिष्ट देशांतील लोकांना दिली जाणारी पसंती संपुष्टात आली आणि १९९१ मध्ये गुणांकन पद्धत सुरू झाली. शिक्षण व अनुभवाच्या बळावर येणाऱ्या मराठी व्यावसायिकांना वाट मोकळी झाली ती त्यानंतर. २०२३ च्या जनगणनेत देशाच्या ४९,९३,९२३ लोकसंख्येपैकी २,९२,०९२ जणांनी स्वतःची नोंद भारतीय वंशाचे म्हणून केली.

नोकरी आणि कुटुंबाचे हक्क

जुलै २०२२ पासून लागू असलेला ‘अ‍ॅक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसा’ विशिष्ट मालक, पद व ठिकाण यांच्याशी जोडलेला असतो. नोकरी बदलायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. नोकरी गेलीच तर प्रश्न केवळ पगाराचा राहत नाही, घरातील सर्वांच्या वास्तव्याचा होतो. जोडीदाराच्या कामाच्या परवान्याला मुख्य अर्जदाराचा व्यवसाय व वेतन यांच्या अटी आहेत, तर मुलांना आश्रित म्हणून आणण्यासाठी किमान वार्षिक उत्पन्नाची अट आहे. ती पूर्ण झाल्यास मुलांना स्थानिक विद्यार्थी मानले जाते आणि परदेशी विद्यार्थ्यांचे भरमसाट शुल्क टळते.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात उशिरा येते. १ जानेवारी २००६ पासून केवळ न्यूझीलंडमध्ये जन्म झाल्याने नागरिकत्व मिळत नाही. त्यासाठी आई-वडिलांपैकी एक जण तेथील नागरिक किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला असावा लागतो. वर्क व्हिसाच्या काळात जन्मलेल्या बाळाच्या भारतीय नागरिकत्वाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासाकडे करणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

आरोग्य

दोन वर्षे वा अधिक मुदतीचा वर्क व्हिसा असणाऱ्यास व त्याच्या अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी आरोग्यसेवा मिळते. जोडीदाराची पात्रता मात्र त्याच्या स्वतःच्या व्हिसावर ठरते. ती नसल्यास खासगी विमा अपरिहार्य होतो. अपघाताची गोष्ट वेगळी आहे. १९७४ पासून चालू असलेली ‘एसीसी’ योजना चूक कोणाची हे न पाहता इजेवरील उपचारांचा भार उचलते आणि तिचे संरक्षण पर्यटकालाही मिळते. आजारपण मात्र तिच्या कक्षेबाहेर राहते.

घर

भाडे आठवड्याच्या हिशेबाने सांगितले जाते. अनामत रक्कम चार आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि मालकाने ती स्वतःजवळ न ठेवता २३ कामकाजी दिवसांत सरकारी ‘टेनन्सी सर्व्हिसेस’कडे जमा करायची असते. पागडी आणि तोंडी व्यवहार पाहिलेल्यांना या शिस्तीचे अप्रूप वाटते. जून ते ऑगस्टमधील थंडी व ओल यांचे मात्र भय वाटते. जुनी लाकडी घरे आतूनही गारठतात. १ जुलै २०२५ पासून भाड्याच्या सर्व घरांत ऊबरोधक आवरण, वायुवीजन आणि मुख्य खोली १८ अंश सेल्सिअसपर्यंत उबदार ठेवणारे यंत्र बंधनकारक आहे. करार करण्यापूर्वी या गोष्टी तपासणे हा भाडेकरूचा हक्क आहे.

शाळा आणि भाषा

मुले साधारणतः पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जाऊ लागतात. सहाव्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे. वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे जूनमध्ये आलेल्या मुलाला अर्ध्या वर्षात वर्ग गाठावा लागतो. इंग्रजीबरोबर १९८७ पासून अधिकृत भाषा असलेली माओरीही शाळेत मुलांच्या कानी पडते. मराठी टिकवण्याची जबाबदारी अर्थातच घरावर येते. ऑकलंड मराठी असोसिएशनसारख्या संस्थांचे मेळावे तिला हातभार लावतात; पण रोजच्या जेवणाच्या ताटावरचा संवाद त्यांना पुरवता येत नाही.

मागे राहिलेले आई-वडील

हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा ऑकलंडमध्ये पहाटेचे साडेतीन झालेले असतात. हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे २९ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेला ‘पेरेंट बूस्ट’ व्हिसा. त्यावर आई-वडिलांना पाच वर्षांच्या मुदतीत अनेकदा ये-जा करता येते. मात्र खासगी आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि या व्हिसातून कायम निवासाचा मार्ग निघत नाही. वृद्धापकाळाची व्यवस्था कोठे, हा प्रश्न कुटुंबाने स्वतंत्रपणेच सोडवावा लागतो.

निवासापासून नागरिकत्वापर्यंत

निवासी व्हिसा मिळाला की कुटुंबाचे वास्तव्य एका नोकरीवर अवलंबून राहत नाही आणि ‘किवीसेव्हर’ या निवृत्ती बचत योजनेत सामील होता येते. सलग एक वर्ष वास्तव्य झाल्यावर मतदानाचा हक्कही मिळतो. नागरिक नसलेल्या निवासींना हा हक्क देणारे देश मोजकेच आहेत. दोन वर्षांनी, वास्तव्यादी अटी पूर्ण केल्यास, कायम निवासी व्हिसासाठी अर्ज करता येतो. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत एकूण १,३५० दिवस आणि प्रत्येक वर्षी किमान २४० दिवस देशात राहावे लागते.

न्यूझीलंडला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला नाही. नवे पारपत्र घेताना भारतीय पारपत्र परत करावे लागते. त्यानंतर ‘ओसीआय’ कार्डावर भारतात राहता येते. परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. कायम निवासींना न्यूझीलंडमध्ये राहण्याचा व मतदानाचा हक्क आधीच असल्याने या निर्णयाची घाई नसते. गावच्या शेताचा सातबारा, म्हातारे आई-वडील आणि मुलांचे पुढचे आयुष्य, या तिन्हींचा विचार करूनच तो घ्यावा लागतो. एकाच घरात पती-पत्नींनी दोन वेगळी पारपत्रे बाळगण्यासही कायद्याची आडकाठी नाही.