वही उतरवून घेताना

इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न आपण भाषणात खूप विचारतो. तो उतरवून कोण घेतो, हे कुणी विचारत नाही.

नानकचंद रत्तू हे पंजाबातले, दिल्लीत सरकारी नोकर. कचेरी सुटली की बाबासाहेबांकडे जायचे आणि त्यांच्या हातचा मजकूर टाइप करत बसायचे. पगारासाठी नव्हे. १९४० ते १९५६, सोळा वर्षं! ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्याकडून उशाशी मागून घेतले. सकाळी बाबासाहेब नव्हते. पुस्तक निघालं १९५७ साली.

पुढचं ऐका. १९६७ च्या जानेवारीत २६, अलीपूर रोडच्या त्या घरातून बाबासाहेबांचे कागद अंगणात फेकले गेले. वर पाऊस आला. उरलं ते पेट्यांत आणि कोर्टकचेरीत. सरकारने समिती नेमली १९७६ ला, वसंत मून कामाला लागले १९७८ ला, पहिला खंड आला १९७९ ला. म्हणजे तेवीस वर्षं गेली.

चौथ्या खंडात, १९८७ साली, राम-कृष्णावरचं परिशिष्ट छापलं तर यांची डोकी फिरली. प्रती जाळल्या, परिशिष्ट काढा म्हणाले. १९८८ च्या फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. मजकूर राहिला. सरकारने फक्त टीप टाकली, की आम्ही या मतांशी सहमत नाही. टाकू दे. बाबासाहेबांचा शब्द कुणी गाळला नाही, हे महत्त्वाचं.

आता आपल्या सेनगावचं. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. दप्तर उर्दूत, जुने कागद मोडीत. त्यात आपला बाप सापडलाच तर वेठीला, नाहीतर येसकरकीला. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी-उर्दू वाचणारे हुडकून आणले, मराठवाड्यातली दप्तरं उघडली. खुशाल उघडा. पण आमच्या वस्तीतल्या वहीसाठी कोण समिती नेमणार?

ती वही जयंतीच्या वर्गणीची. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई फिकी पडलेली. कुणी दोन रुपये दिले, कुणी पायलीभर ज्वारी. एका बाईच्या नावापुढं 'कंदीलाचं तेल' एवढंच. मधीच ठराव : मेलेलं ढोर ओढायचं नाही. खाली अंगठे. पाळी सुटली की मी रोज दोन पानं उतरवतो. 'जेभीम' लिहिलं असेल तर 'जेभीम'च. आमचा एक शिकलेला मित्र म्हणाला, शुद्ध करून घे, वाचणारे हसतील. हसू देत की! ज्यानं लिहिलं त्याला पाटी कुणी धरू दिली नव्हती, हे त्या अक्षरातच दिसतं. ते पुसून मी काय मिळवणार?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. आमच्या वहीत जुलैचा हिशेब आहे, मग तीन पानं कोरी, मग एकदम डिसेंबर. ती मी सोडली नाहीत. माझ्या नकलेतही तीन पानं कोरीच ठेवली, वर कंसात लिहिलं : 'मूळ वहीत असेच'. त्या दिवसांचं म्हाताऱ्यांना विचारून वेगळ्या वहीत लिहितोय. दोन्ही एकत्र करायचं नाही.

दोन प्रती करतो. एक विहारात, एक दुसऱ्या घरात. सध्या १९८१ च्या जयंतीपर्यंत आलोय. पुढची पानं एकमेकांना चिकटलीत, सोडवायला दोन माणसं लागतात. हात हलका असेल त्यानं रविवारी विहारात यावं, येताना शाईचा पेन आणावा.