बेल्मोन्तचे गुप्त ज्यू : स्मृती, दप्तर आणि पुनर्शोध

प्रस्तावना

सक्तीच्या धर्मांतराचा विचार करताना इतिहासकारांचे लक्ष बहुधा धर्मांतरितांच्या पहिल्या काही पिढ्यांवर केंद्रित झालेले दिसते. चार-पाचशे वर्षांनंतरच्या वंशजांना आपले मूळ कशामुळे कळते आणि ते उघड झाल्यावर घराघरांत जपलेल्या श्रद्धेचे काय होते, हे प्रश्न तुलनेने मागे राहतात. प्रस्तुत लेखात स्पेनच्या सीमेपासून जवळ असलेल्या बेल्मोन्त या पोर्तुगीज गावाच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

धर्मांतराची पार्श्वभूमी

स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा बाप्तिस्मा नाकारणाऱ्या हजारो कुटुंबांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. स्पॅनिश राजकन्येशी विवाह करू इच्छिणाऱ्या राजा मान्युएलने डिसेंबर १४९६ मध्ये तेथेही हद्दपारीचे फर्मान काढले. मात्र हा उद्योगी समाज त्याला गमवायचा नव्हता. म्हणून १४९७ मध्ये प्रथम मुलांना आईबापांपासून हिरावून त्यांना बाप्तिस्मा देण्यात आला. पुढे देशाबाहेर पडण्याचे मार्ग रोखून प्रौढांवरही तीच सक्ती झाली. त्याच वर्षी, या 'नवख्रिस्ती' लोकांच्या श्रद्धेची वीस वर्षे चौकशी होणार नाही, असे आश्वासनही राजाने दिले. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन हे धर्मन्यायासन १५३६ मध्येच स्थापन झाले.

या घटनाक्रमाचा परिणाम महत्त्वाचा आहे. पोर्तुगालमध्ये व्यक्तींचे नव्हे, तर संपूर्ण समाजाचे धर्मांतर झाले. त्यात धर्मासाठी एकदा देश सोडलेले लोकही होते. शिवाय गुप्त आचाराची घडी बसवण्यासाठी या समाजाला जवळजवळ चार दशकांचा अवधी मिळाला. स्पेनपेक्षा पोर्तुगालमध्ये गुप्त ज्यू परंपरा अधिक काळ का टिकली, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते.

घरातील धर्म

पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू खाण-अभियंते सॅम्युएल श्वार्झ १९१७ मध्ये बेल्मोन्तला आले. अमुक माणसाशी व्यवहार करू नका, तो ज्यू आहे, असे त्यांना एका व्यापाऱ्याने बजावले. ज्या समाजाचे अस्तित्व संपले असे मानले जात होते, त्याचा सुगावा असा एका निंदेतून लागला. श्वार्झ यांनी त्या कुटुंबांशी संपर्क साधला, परंतु स्त्रियांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. कारण त्यांच्या पोर्तुगीज प्रार्थना श्वार्झ यांना येत नव्हत्या. अखेर त्यांनी हिब्रूतील मूळ प्रार्थना म्हटली आणि तीतील 'अदोनाय' हे ईश्वरनाम ऐकताच स्त्रियांनी डोळे झाकले. हिब्रू भाषेतील तेवढा एक शब्द त्यांच्याकडे उरला होता. श्वार्झ यांनी १९२५ मध्ये या समाजावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या धर्माला मंदिर नव्हते, ग्रंथ नव्हता, पुरोहित नव्हता. पकडले जाण्याच्या भीतीने सुंता बंद झाली होती. शुक्रवारचा दिवा बाहेरून दिसू नये अशा जागी लावला जाई. हेरांना चुकवण्यासाठी उपवास आणि सण ठरल्या तिथीनंतर पाळले जात. पाठ केलेल्या प्रार्थना आई मुलीच्या हवाली करी. जी सत्ता पुरुषांच्या सार्वजनिक धर्मावर पाळत ठेवत होती, तिची नजर चुलीपर्यंत पोहोचली तरी पाठांतरापर्यंत पोहोचू शकली नाही.

पोर्तुगीज इतिहासकार आंतोनियो जुझे साराय्वा यांनी १९६९ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की इन्क्विझिशन हा ज्यूंचा शोध घेणारा नव्हे, तर ज्यू घडवणारा कारखाना होता. छळाच्या धाकाने मिळालेल्या कबुलीजबाबांबाबत हा इशारा रास्तच आहे. परंतु पोर्तुगालमधील इन्क्विझिशन १८२१ मध्ये बरखास्त झाले. १९१७ मधील बेल्मोन्तच्या स्त्रियांवर कोणाचाही धाक नव्हता. त्यामुळे तेथील पुराव्याला साराय्वा यांचा आक्षेप लागू पडत नाही. अर्थात, एका गावावरून प्रत्येक आरोपी गुप्त ज्यू होता, असे अनुमान काढणेही तितकेच चुकीचे ठरेल.

छळाचे दप्तर

पुनर्शोधाचा दुसरा मार्ग दप्तरातून जातो. त्याचे ठळक उदाहरण गोव्याशी निगडित आहे. १५३४ मध्ये भारतात आलेले वैद्य गार्सिया द ओर्ता हे स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलेल्या ज्यू कुटुंबातील होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्यांचा स्नेह होता. भारतीय औषधींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. गोव्यातील न्यायासनाची बहुतांश कागदपत्रे नष्ट झाली. तथापि लिस्बनमध्ये उरलेल्या कागदांच्या आधारे आउगुश्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी १९३४ मध्ये ओर्ता कुटुंबाची ही कथा प्रकाशात आणली. ज्या यंत्रणेने हे कुटुंब उद्ध्वस्त केले, तिच्याच लेखनिकांनी त्याची ओळख जपून ठेवली, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

प्रकटीकरण आणि त्याचे मोल

बेल्मोन्तचा समाज १९८९ मध्ये अधिकृतपणे संघटित झाला. हद्दपारीच्या फर्मानाला पाचशे वर्षे होत असताना, डिसेंबर १९९६ मध्ये, तेथे 'बेत एलियाहू' या सिनेगॉगचे उद्घाटन झाले. मात्र ऑर्थोडॉक्स ज्यू धर्मात परतण्यासाठी अनेकांना विधिपूर्वक प्रवेश घ्यावा लागला. ज्यांच्या पूर्वजांनी ज्यू राहण्यासाठी प्राण पणाला लावले, त्यांना आपण ज्यू असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागले. जाहीर प्रार्थनेचे नेतृत्व पुरुषांकडे गेले. शतकानुशतके ज्या स्त्रियांच्या मुखी धर्म होता, त्यांच्या पोर्तुगीज प्रार्थनांची जागा हिब्रू प्रार्थनाग्रंथाने घेतली. काही कुटुंबांनी सिनेगॉगपासून दूर राहून जुनाच गुप्त आचार पसंत केला. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटेल. परंतु त्यांच्या दृष्टीने गुप्तता हाच त्यांच्या धर्माचा भाग झाला होता.

निष्कर्ष

या विवेचनातून पुनर्शोधाचे दोन प्रकार स्पष्ट होतात. बेल्मोन्तमध्ये स्मृती होती, पण कागद नव्हता. जुन्या खटल्यांच्या दप्तरांत पूर्वजांची नावे शोधणाऱ्या वंशजांकडे पुष्कळदा कागद असतो, पण स्मृती नसते. सेफार्दी ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारे पोर्तुगाल व स्पेनचे २०१५ चे कायदे प्रामुख्याने वंशसंबंधाच्या पुराव्यांवर उभे होते. कागदाचे मोल निर्विवाद आहे. तथापि, इतिहासकाराने केवळ त्यालाच प्रमाण मानले, तर छळ करणाऱ्यांनी ज्याची नोंद केली तेवढाच इतिहास उरेल. ज्या स्त्रिया कधीच पकडल्या गेल्या नाहीत, त्यांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. आणि ही परंपरा प्रत्यक्षात त्यांनीच टिकवली.