नामांकित स्थिरांक (फॉर्म-पडताळणीतील)

प्रोग्राममधील ठरावीक मूल्याला अर्थपूर्ण नाव देऊन ते एकाच जागी नोंदवण्याची पद्धत. नाव न देता कोडमध्ये थेट लिहिलेल्या आकड्याला प्रोग्रामर ‘मॅजिक नंबर’ म्हणतात.

ऑनलाइन अर्जाच्या पडताळणीत असे आकडे पावलोपावली लागतात: पिनकोडचे ६ अंक, मोबाइल क्रमांकाचे १०, मतदाराचे किमान वय १८. खरी अडचण येते ती एकच आकडा दोन अर्थांनी वावरतो तेव्हा. एखाद्या अर्जात १८ हे किमान वय असते आणि त्याच अर्जाच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटीही असतो. कराचा दर बदलला आणि कोणी ‘शोधा आणि बदला’ चालवले, तर वयाची अटही नकळत बदलते. ‘किमान_वय’ आणि ‘जीएसटी_दर’ अशी वेगळी नावे असली की हा घोळ मुळातच टळतो. कायद्याने ठरलेले आकडेही कायमचे नसतात. भारतात मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले.

जावास्क्रिप्टमध्ये अशा स्थिरांकांसाठी २०१५ पासून ‘कॉन्स्ट’ हा शब्द आहे. पायथॉनमध्ये असा शब्द नाही. तिथे कॅपिटल अक्षरांतील नाव हाच संकेत.

चूक दाखवणारा संदेशही स्थिरांकातूनच तयार करावा. नाहीतर तपासणी ८ अक्षरांची होते, संदेश ६ अक्षरे मागतो आणि अर्ज भरणारा बिचारा अडकून पडतो. मात्र १० ला ‘दहा’ असे नाव देणे निरुपयोगी. नावाने मूल्य नव्हे, हेतू सांगायला हवा. ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे पडताळणी होत असेल, तर शक्य तिथे दोघांनी स्थिरांकांची एकच फाइल वापरावी.