एक्स्टेन्शनची टूलबारवरील मांडणी

ब्राउझरला जोडलेल्या पूरक प्रोग्रामांचे, म्हणजे एक्स्टेन्शनांचे, आयकॉन पत्त्याच्या पट्टीशेजारी किती, कोणते आणि कोणत्या क्रमाने दिसावेत हे ठरवण्याची सोय. जाहिराती रोखणे, पासवर्ड साठवणे, मजकुराचे भाषांतर करणे, देवनागरीत टंकलेखन करणे अशी कामे एक्स्टेन्शन करतात आणि त्यांतील बहुतेकांशी वापरणाऱ्याचा संबंध टूलबारवरच्या आयकॉनमधून येतो. मायक्रोसॉफ्ट एज, गूगल क्रोम, मोझिला फायरफॉक्स आणि ॲपल सफारी या चारही प्रमुख ब्राउझरांत ही सोय आहे. पद्धती वेगळ्या असल्या तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे : आयकॉन लपवला म्हणजे एक्स्टेन्शन बंद झाले, असे नाही.

स्वरूप : एक्स्टेन्शनचा आयकॉन साधारण १६ पिक्सेल रुंद आणि तितकाच उंच असतो, दाट पिक्सेलांच्या पडद्यांसाठी त्याच चित्राची मोठी प्रत सोबत दिलेली असते. आयकॉनवर माउस नेला की एक्स्टेन्शनचे नाव किंवा छोटी सूचना दिसते. त्याच्या कोपऱ्यात रंगीत बिल्ला लावता येतो. जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शने रोखलेल्या गोष्टींचा आकडा या बिल्ल्यात दाखवतात. आयकॉनवर क्लिक केले की लहान खिडकी उघडते किंवा नेमून दिलेले काम थेट होते. क्रोममध्ये या खिडकीची कमाल मर्यादा ८०० बाय ६०० पिक्सेल आहे. उजवे क्लिक केल्यास आयकॉन हलवणे, लपवणे, परवानग्या पाहणे, एक्स्टेन्शन काढून टाकणे असे पर्याय येतात.

इतिहास : एक्स्टेन्शनांच्या आधी ब्राउझरवर पूर्ण रुंदीच्या स्वतंत्र पट्ट्या चढत. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये बाहेरच्या कंपन्यांना आपली पट्टी आणि बटणे जोडता येत. डिसेंबर २००० मध्ये आलेला गूगल टूलबार हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. शोधाची पेटी नेहमी समोर राहत असल्याने लोकांना तो उपयोगी वाटला. पण त्या वाटेने अनेक कंपन्या शिरल्या. एखादे मोफत सॉफ्टवेअर बसवताना चौकोनातली एक खूण काढायची राहिली की नवी पट्टी येऊन बसायची. तीन-चार पट्ट्या झाल्यावर मूळ पान पडद्याच्या खालच्या भागात दबून जाई. २०११ मधल्या इंटरनेट एक्सप्लोरर ९ ने ब्राउझर सुरू व्हायला कोणत्या पूरक प्रोग्राममुळे वेळ लागतो हे दाखवून तो बंद करण्याची सोय दिली.

फायरफॉक्सची वाट वेगळी होती. टूलबारवरची बटणे ओढून हवी तिथे ठेवण्याची मोकळीक त्याच्या पूर्वावताराने, फिनिक्सने, २००२ मध्येच दिली होती. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा एक्स्टेन्शने हे त्याचे मोठे आकर्षण होते. त्या काळातली एक्स्टेन्शने ब्राउझरचा चेहरामोहराच बदलू शकत. एप्रिल २०१४ मध्ये आलेल्या २९व्या आवृत्तीने खालची एक्स्टेन्शनांची पट्टी काढून टाकली आणि मांडणी बदलण्याची वेगळी अवस्था आणली. नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७व्या आवृत्तीपासून, जुन्या धाटणीची एक्स्टेन्शने बंद झाली. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनला ठरावीक बटणापुरती जागा मिळते.

क्रोमच्या स्थिर आवृत्तीत एक्स्टेन्शने जानेवारी २०१० मध्ये आली. सुरुवातीला आयकॉनांचे दोन प्रकार होते : टूलबारवर कायम दिसणारे आणि ठरावीक पानांपुरते पत्त्याच्या पट्टीत उगवणारे. २०१६ मध्ये सर्वच एक्स्टेन्शनांचे आयकॉन टूलबारवर आणले गेले. त्यामुळे काय काय बसवलेले आहे ते कळू लागले, पण गर्दीही झाली. २०२० मध्ये क्रोमने कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह असलेले एकच बटण आणून सगळी एक्स्टेन्शने त्यामागे ठेवली. जे हवे ते वापरणाऱ्याने पिन करायचे, म्हणजे टूलबारवर दिसते ठेवायचे. फायरफॉक्सनेही जानेवारी २०२३ मधल्या १०९व्या आवृत्तीत असेच सामाईक बटण दिले.

सँडीफोर्ड आणि एज : आयर्लंडमधील डब्लिनच्या दक्षिणेला, डन लेअरी-रॅथडाउन काउंटीत, डब्लिन पर्वतांच्या पायथ्याशी एज ब्राउझर बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टशी जोडलेले सँडीफोर्ड हे उपनगर आहे. कंपनीने १९८५ मध्ये येथे कारखाना काढला. युरोपच्या बाजारासाठी फ्लॉपींवर सॉफ्टवेअर उतरवणे आणि ते खोक्यांत भरून पाठवणे हे त्याचे काम होते. पुढे येथे सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भाषांत नेण्याचे, विक्रीचे आणि अभियांत्रिकीचे काम वाढले. शेजारच्या लेपर्ड्सटाउनमधील साउथ काउंटी बिझनेस पार्कमध्ये कंपनीचे ‘वन मायक्रोसॉफ्ट प्लेस’ हे नवे संकुल २०१८ मध्ये सुरू झाले. त्यावर सुमारे १३.४ कोटी युरो खर्च झाला.

ब्राउझरच्या दृष्टीने या पत्त्याला कायदेशीर वजन आहे. मायक्रोसॉफ्ट आयर्लंड ऑपरेशन्स लिमिटेड ही कंपनी याच संकुलाचा पत्ता देते आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीची जबाबदारी तिच्याकडे आहे. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहितीसंरक्षण नियमांखाली तिच्यावर आयर्लंडच्या माहितीसंरक्षण आयोगाची देखरेख असते. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर २०१५ मध्ये आला, ऑगस्ट २०१६ मध्ये त्याला एक्स्टेन्शनांची जोड मिळाली आणि १५ जानेवारी २०२० रोजी तो क्रोमच्याच क्रोमियम या पायावर नव्याने निघाला. त्यामुळे क्रोमसाठी लिहिलेली बहुतेक एक्स्टेन्शने एजमध्येही चालतात. आयरिश आणि मराठी या दोन्ही भाषांत एज वापरता येतो.

ब्राउझरनिहाय पद्धती : एजमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या उजवीकडचे कोड्याच्या तुकड्याचे बटण दाबले की बसवलेल्या एक्स्टेन्शनांची यादी उघडते. नावासमोर डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबून आयकॉन टूलबारवर आणता किंवा तिथून काढता येतो. मूळ बटणच दिसत नसेल, तर सेटिंग्जमधील ‘अपिअरन्स’ या भागात टूलबारवरच्या बटणांची यादी पाहावी. क्रोममध्ये डोळ्याऐवजी टाचणीचे चिन्ह आहे. दोन्हींत आयकॉन डावी-उजवीकडे ओढून क्रम बदलतो. खिडकी अरुंद केली की क्रोम पिन केलेले काही आयकॉनही आत घेतो. खिडकी रुंद होताच ते परत येतात. म्हणून आयकॉन दिसेनासा झाला तर एक्स्टेन्शन पुन्हा बसवण्याआधी खिडकी मोठी करून पाहावी.

फायरफॉक्समध्ये यादीतील एक्स्टेन्शनसमोरचे दातेरी चाक दाबून ‘पिन टू टूलबार’ निवडतात. टूलबारच्या मोकळ्या जागेवर उजवे क्लिक करून मांडणीची अवस्था उघडल्यास ब्राउझरची स्वतःची बटणेही हलवता येतात, टॅबांच्या ओळीत किंवा बुकमार्कच्या पट्टीवर नेता येतात. सफारीत ‘व्ह्यू’ मेनूतील ‘कस्टमाइझ टूलबार’ उघडून बटणे ओढून ठेवतात. मोकळीक सर्वांत जास्त मिळते ती फायरफॉक्समध्ये; क्रोम आणि एज यांनी सोपेपणाला अधिक महत्त्व दिले आहे.

प्रत्येक प्रोफाइलची एक्स्टेन्शने आणि त्यांची मांडणी स्वतंत्र असते. कार्यालयीन कामासाठी एक आणि घरासाठी एक असे दोन प्रोफाइल ठेवले, तर पासवर्डचे एक्स्टेन्शन दोन्हीकडे आणि खरेदीचे फक्त घरच्या प्रोफाइलमध्ये ठेवता येते. खासगी खिडकीत एक्स्टेन्शने आपोआप चालत नाहीत. तिथे प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यावी लागते.

निर्मात्याच्या हातातील गोष्टी : एक्स्टेन्शन लिहिणारा आयकॉनचे चित्र, नाव, बिल्ला आणि उघडणारी खिडकी ठरवतो. पानागणिक चित्र बदलणे, काम नसेल तिथे आयकॉन फिका करणे हेही त्याला जमते. जानेवारी २०२१ पासून क्रोममध्ये आलेल्या मॅनिफेस्टच्या, म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती ब्राउझरला देणाऱ्या फाइलच्या, तिसऱ्या आवृत्तीने आयकॉनांचे जुने दोन प्रकार एकत्र करून ‘ॲक्शन’ हा एकच प्रकार ठेवला. फायरफॉक्समध्ये आयकॉन आरंभी कुठे असावा याची पसंती निर्मात्याला नोंदवता येते, तसेच गडद आणि उजळ सजावटीसाठी वेगळी चित्रे देता येतात. क्रोममध्ये मात्र स्वतःला पिन करण्याची आज्ञा कोणत्याही एक्स्टेन्शनला देता येत नाही. आपण पिन झालो आहोत का, एवढे ते विचारू शकते. पट्ट्यांच्या काळात जे नियंत्रण हरवले होते ते इथे वापरणाऱ्याला परत मिळाले आहे, आणि ते टिकलेच पाहिजे.

संस्थांचे नियंत्रण : कंपन्या, बँका आणि शाळा आपल्या संगणकांवरची मांडणी धोरणाद्वारे ठरवू शकतात. एजच्या ‘एक्स्टेन्शन सेटिंग्ज’ धोरणात आयकॉन सुरुवातीला दाखवावा, लपवावा की सक्तीने कायम दाखवावा हे नोंदवता येते. क्रोममध्ये सक्तीने पिन करण्याचा पर्याय आहे. त्यामुळे कार्यालयीन संगणकावर एखादा आयकॉन हलत नसेल, तर तो बिघाड असेलच असे नाही. पासवर्डच्या किंवा सुरक्षिततेच्या एक्स्टेन्शनसाठी अशी सक्ती योग्य ठरते, कारण ते चालू आहे हे कर्मचाऱ्याला दिसत राहते.

मराठी वापर : गूगल इनपुट टूल्ससारख्या एक्स्टेन्शनमुळे रोमन अक्षरांच्या कीबोर्डवरून मराठी लिहिता येते. भाषा बदलण्यासाठी त्याच्या आयकॉनकडे वारंवार जावे लागत असल्याने ते पिन करण्याजोगे आहे. क्रोमच्या एक्स्टेन्शनमध्ये मराठीसाठी स्वतंत्र भाषाफाइल ठेवता येते; ती दिली आणि ब्राउझरची भाषा मराठी असली, तर आयकॉनवर माउस नेल्यावर नाव आणि सूचना मराठीत दिसतात.

बिल्ल्याच्या बाबतीत देवनागरीला विशेष काळजी लागते. त्यात साधारण चार वर्ण मावतात, म्हणून निर्माते मजकूर चौथ्या वर्णावर कापतात. संगणक मात्र मात्रा आणि हलन्त यांना वेगळे वर्ण मोजतो. ‘सूचना’ हा शब्द त्याच्या लेखी पाच वर्णांचा आहे. चारवर कापला की ‘सूचन’ उरते. ‘प्रश्न’ हा सहा वर्णांचा. त्याचे ‘प्रश’ होते. मजकूर वर्णांऐवजी पूर्ण अक्षरांनुसार कापणे किंवा बिल्ल्यात फक्त आकडा ठेवणे हा त्यावरचा उपाय. मराठीसाठी एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो अंगी बाणवावा.

सुलभता : ज्यांना माउस वापरणे शक्य नाही त्यांच्यासाठी कीबोर्डची वाट महत्त्वाची आहे. विंडोजवरील क्रोममध्ये शिफ्ट, ऑल्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की लक्ष टूलबारवर जाते. क्रोम आणि एज यांच्या एक्स्टेन्शन पानावरील ‘शॉर्टकट्स’ विभागात प्रत्येक एक्स्टेन्शनला हवा तो कळसंच देता येतो. मग आयकॉन पिन न करताही एक्स्टेन्शन उघडते. पडदावाचक प्रोग्राम आयकॉनचे चित्र वाचत नाही, त्याला दिलेले नाव वाचतो. त्यामुळे ते नाव स्पष्ट हवे. केवळ रंग बदलून ‘चालू’ आणि ‘बंद’ दाखवणारे आयकॉन रंगांधळ्या व्यक्तींना ओळखता येत नाहीत. आकार किंवा अक्षरही बदलायला हवे.

सुरक्षितता : मेनूत लपवलेले एक्स्टेन्शन मिळालेल्या परवानग्यांनुसार काम करतच राहते, पाने वाचण्याची परवानगी असेल तर ते पानेही वाचते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ या लोकप्रिय एक्स्टेन्शनचे उदाहरण बोलके आहे. न वापरलेले टॅब झोपवून संगणकाची मेमरी वाचवण्यासाठी लाखो लोकांनी ते बसवले होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हाती दिले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचे सांगून गूगलने ते काढून टाकले. मालकी बदलल्याची कोणतीही खूण टूलबारवर उमटत नाही.

परवानगी आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. क्रोममध्ये ऑक्टोबर २०१८ मधल्या ७०व्या आवृत्तीपासून एखाद्या एक्स्टेन्शनला सर्व संकेतस्थळांवर, ठरावीक संकेतस्थळांवर किंवा फक्त क्लिक केल्यावर काम करू द्यायचे हे ठरवता येते. एजमध्येही ही सोय आहे. ‘फक्त क्लिक केल्यावर’ हा पर्याय निवडल्यास आयकॉन पिन करणे सोयीचे ठरते, कारण प्रत्येक वेळी परवानगी त्याच्यावर क्लिक करूनच द्यायची असते.

टूलबार आटोपशीर ठेवण्याचा व्यवहार्य नियम असा : रोजच्या वापराची तीन-चार एक्स्टेन्शने आणि ज्यांची स्थिती डोळ्यांसमोर असायला हवी तेवढीच पिन करावीत, क्वचित लागणारी मेनूत राहू द्यावीत आणि जी वापरात नाहीत ती लपवण्यावर न थांबता काढून टाकावीत. कोड्याच्या तुकड्याचे बटण महिन्यातून एकदा उघडून पूर्ण यादी वाचावी. ज्या नावाचे काम आठवत नाही, त्याला ब्राउझरमध्ये जागा देऊ नये.